अल्सरेटिव्ह कोलायटिस असताना घेतलेला खासगी आरोग्य विमा: काही महिन्यांनंतरचे मत

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण येण्याचा आजार आहे. त्यामुळे हा विमा मिळाला तेव्हा वाढीव हप्ता मी तक्रार न करता भरला. कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीचे अहवाल, त्यावर चालू असलेले मेसालामाइन हे औषध, सारे अर्जात लिहिले होते. कंपनीने आतड्याचा आजार वगळला, हेही मला अन्यायाचे वाटले नाही. आजार बळावून इन्फ्लिक्सिमॅब हे शिरेतून दिले जाणारे औषध सुरू करावे लागले, तर पहिला डोस, मग २ऱ्या आणि ६व्या आठवड्याला, आणि पुढे सहसा दर ८ आठवड्यांनी असा खर्च वर्षानुवर्षे चालतो. तो टाळण्याची कंपनीची इच्छा समजण्यासारखी आहे. बाकीच्या शरीराला संरक्षण मिळाले, एवढे मला पुरेसे होते. मनगटाच्या फ्रॅक्चरचा दावा तत्परतेने मंजूर झाला, तेव्हा तर मी इतरांनाही हाच विमा सुचवू लागलो.

मत फिरले ते डोळ्यामुळे. एक डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना. युव्हिआयटिसचे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या भागाच्या दाहाचे, निदान झाले आणि त्याचा दावा कंपनीने फेटाळला. वगळलेल्या आजाराच्या नावापुढे ‘आणि त्याच्याशी संबंधित सर्व विकार’ असे लिहिलेले आहे, एवढेच कारण दिले.

माझी सारी हरकत या एका ओळीवर आहे. हा आजार आतड्यापुरता राहत नाही. काहींचे सांधे सुजतात, पायांवर दुखऱ्या लाल गाठी येतात, पित्तनलिका अरुंद होत जातात. रक्तस्रावाने लोह कमी होते, आणि स्टेरॉइड दीर्घकाळ घ्यावी लागली तर हाडे ठिसूळ होऊन मोतीबिंदूही होऊ शकतो. म्हणजे ती ओळ हवी तितकी ताणली, तर माझे मनगट मोडले तेही तिच्यात बसवता आले असते. याउलट, युव्हिआयटिस आतडी पूर्ण निरोगी असलेल्यांनाही होतो आणि पुष्कळदा त्याचे कारण सापडतच नाही. दोन आजार एकाच शरीरात आहेत, एवढ्यावरून एकातून दुसरा उद्भवला हे सिद्ध होत नाही.

नेमके हेच नेत्रतज्ज्ञांनी पत्रात लिहून दिले. मी लेखी फेरविचार मागितला, आणि नकार कोणत्या वैद्यकीय पुराव्यावर आधारलेला आहे, तेही विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर आले नाही, पण दावा मात्र पूर्ण मंजूर झाला. त्यामुळे राग बराच निवळला असला, तरी ओळ जशीच्या तशी आहे आणि पुढच्या दाव्याला तीच पुन्हा आडवी येऊ शकते.

नूतनीकरणापूर्वी मी एकच मागणी केली आहे: मोठ्या आतड्याच्या तपासण्या, औषधे आणि शस्त्रक्रिया खुशाल नावानिशी वगळा, पण डोळे, सांधे आणि हाडे त्यातून स्पष्टपणे बाहेर काढा. तसे लेखी मिळाले, तर वाढीव हप्ता मी पुढेही भरेन. न मिळाल्यास कंपनी बदलावी असे वाटते. मात्र तिथे वैद्यकीय छाननी नव्याने होईल आणि या वेळी अर्जात युव्हिआयटिसचीही नोंद करावी लागेल.