वही, एक्सेल की प्लॅनर: फॅक्टोरिओचा हिशेब कशावर मांडावा?

उन्हाळ्याच्या सुटीत भाचा अमळनेरहून जळगावला आला तो लॅपटॉप घेऊनच. फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या गेममध्ये त्याचं लाल आणि हिरवं सायन्स (संशोधनासाठी लागणाऱ्या बाटल्या) सुरू झालं होतं, पण त्या खपवणाऱ्या लॅब सारख्या थांबत होत्या. माझ्या स्क्रीनवरचं एक्सेल बघून म्हणाला, "मामा, हाई काय शे?" बाहेर पारा ४५ च्या आसपास, त्यामुळे दुपारभर घरातच. तीन-चार दिवस आम्ही तोच कारखाना तीन तऱ्हांनी मोजला. तुम्हीही हिशेब कशावर करावा या विचारात असाल, तर त्यातून निघालेलं माझं मत हे.

सुरुवात वहीपासून. लाल सायन्सच्या एका बाटलीला ५ सेकंद लागतात, पण पहिल्या असेंब्लरचा, म्हणजे माल बनवणाऱ्या सुरुवातीच्या मशीनचा, वेग ०.५ आहे. म्हणजे प्रत्यक्षात १० सेकंद, मिनिटाला ६. आम्ही मिनिटाला ४५ चं लक्ष्य धरलं. ४५ भागिले ६, साडेसात, म्हणजे ८ मशीन. प्रत्येक बाटलीला एक गिअर आणि एक तांब्याची प्लेट. गिअरची रेसिपी अर्ध्या सेकंदाची, पहिल्या असेंब्लरवर एक सेकंद, म्हणून एकच मशीन मिनिटाला ६० देतं आणि आपल्याला लागतात ४५. ते तीन चतुर्थांश वेळ चालेल, बाकी वेळ उभं राहील, आणि त्यात काही बिघडत नाही. एका गिअरला २ लोखंडी प्लेटा, म्हणजे मिनिटाला ९० लोखंड आणि ४५ तांबं. दगडी भट्टी एका प्लेटला ३.२ सेकंद घेते, मिनिटाला १८.७५. लोखंडाला ५ भट्ट्या, तांब्याला ३. झालं, अर्धं पान.

हे अर्धं पान स्वतःच्या हाताने लिहिणं मला फार मोलाचं वाटतं. ०.५ चा वेग विसरला की असेंब्लरचे आकडे निम्म्यावर येतात. भाच्याचं नेमकं तेच झालं होतं: त्याने ५ सेकंदांवर हिशेब धरून ४ मशीन लावली होती. एकदा पेनाने भागाकार केल्यावर पुढच्या रेसिपीला तो स्वतःच "आधी वेग बघू" म्हणायला लागला. शिवाय वहीला दुसरी स्क्रीन लागत नाही, आणि लाइट गेली तरी हिशेब तसाच राहतो.

वही कमी पडते ती बदलाच्या वेळी. असेंब्लर २ आला, वेग ०.७५ झाला, की मिनिटाला ९ बाटल्या आणि ८ ऐवजी बरोबर ५ मशीन. स्टीलची भट्टी दगडीच्या दुप्पट वेगाची, म्हणून तिथलेही आकडे बदलले. वहीत सगळं खोडायचं. एक्सेलमध्ये वेगाचा एक सेल बदलला की खालचं सगळं आपोआप बदलतं.

एक्सेलची खरी गरज मला प्रॉडक्टिव्हिटी मॉड्यूलच्या वेळी पडली; मशीनमध्ये बसवायचा हा भाग तेवढ्याच कच्च्या मालातून जास्त माल काढतो. असेंब्लर ३ मध्ये तिसऱ्या पातळीचे चार मॉड्यूल टाकले की माल ४० टक्के जास्त निघतो, पण वेग ६० टक्क्यांनी घटतो: १.२५ चा ०.५ होतो. १.४ ने गुणल्यावर उत्पादनाचा दर ०.७. मशीन जास्त लागतात, कच्चा माल मात्र १४० नगांना १०० नगांचाच जातो. म्हणून शीटमध्ये वेगाचा कॉलम वेगळा आणि वाढीव मालाचा वेगळा ठेवा. मी आधी दोन्ही एकत्र गुणून कच्च्या मालाचा आकडा काढत होतो आणि तो दर वेळी चुकत होता.

तिसरा पर्याय प्लॅनरचा. फॅक्टरी प्लॅनर किंवा हेलमोडसारखा मॉड (खेळाडूंनी बनवलेली जोडणी) खेळात टाकला की मिनिटाला किती हवं ते सांगायचं, मशीनची संख्या तो देतो. रेट कॅल्क्युलेटर याच्या उलट: उभ्या मशीनांवर माउस ओढून निवड केली की काय बनतंय आणि काय खपतंय ते दाखवतो. मला हा दुसरा जास्त आवडतो, कारण तो प्रत्यक्ष बांधलेलं मोजतो. पण मॉड लावला की त्या सेव्हमध्ये स्टीमची (गेमच्या ऑनलाइन दुकानाची) अचिव्हमेंट मिळत नाहीत. ती हवी असतील तर ब्राउझरमधला कॅल्क्युलेटर वापरा.

प्लॅनर कधी घ्यावा? तेल आल्यावर. प्रगत शुद्धीकरणात १०० कच्च्या तेलातून २५ जड, ४५ हलकं तेल आणि ५५ पेट्रोलियम गॅस निघतो. जड आणि हलकं सगळं क्रॅक केलं, म्हणजे मोडून गॅस केलं, तर एकूण ९७.५ गॅस, इथवर वही पुरते. पण थोडं जड तेल वंगणाला आणि थोडं हलकं तेल रॉकेट इंधनाला काढायचं म्हटलं, की एक आकडा हलवताच चार आकडे हलतात. युरेनियमच्या कोव्हारेक्स प्रक्रियेत तर ४० यु-२३५ घालून ४१ बाहेर येतात, माल स्वतःलाच परत फिरतो. स्पेस एज या खेळाच्या विस्तारातला रिसायकलर (वस्तू मोडणारं मशीन) पाव माल परत देतो आणि क्वालिटी, म्हणजे मालाचा दर्जा, नशिबावर. तिथे वही हातात घेऊच नका.

सॅटिस्फॅक्टरी हा असाच दुसरा गेम खेळत असाल तर एवढा विचारच नको. तिथे मशीनवरच मिनिटाचा दर लिहिलेला असतो, वही बरीच लांबपर्यंत पुरते.

आता जे तिन्ही पद्धतींत सहज निसटतं ते. मी एमआयडीसीत एका डाळमिलमध्ये प्रॉडक्शन बघतो. तुरीला तेल-पाणी लावून ती ओट्यावर वाळत घातली की दिवसाचा माल वाळवणीवर ठरतो; रोलर कितीही मोठा आणा, ओली तूर भरडता येत नाही. खेळातला आमचा ओटा म्हणजे बेल्ट. पिवळा बेल्ट मिनिटाला ९०० नग नेतो, ४८ दगडी भट्ट्यांचा माल. पण बेल्टला दोन लेन असतात आणि इन्सर्टर (माल उचलून ठेवणारा यांत्रिक हात) नेहमी पलीकडच्या लेनमध्ये टाकतो. भट्ट्या एकाच बाजूला असतील तर एकच लेन भरते, ४५० वर गाडी अडते, आणि कागदावर मात्र ४८ भट्ट्या बरोबर दिसतात.

म्हणून पद्धत कोणतीही घ्या, पी दाबून उत्पादनाचा तक्ता दहा मिनिटांच्या खिडकीत बघा आणि आपला आकडा त्याशेजारी ठेवा. भाच्याचा कारखाना आम्ही ८ मशीनवर नेला, तक्त्यावर ४५ ऐवजी ३१ आले. तांब्याच्या भट्ट्यांना कोळसा पोचत नव्हता. तेलापर्यंत तो वहीवरच राहील, पुढे मॉड घेईल. अमळनेरला जाताना माझी दोनशे पानी घेऊन गेला.