बांधिलकी मोजणारी 18 विधाने: मेयर-ॲलन प्रश्नावली

कर्मचाऱ्याची कंपनीशी असलेली बांधिलकी मोजणारी, कॅनडातल्या जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या मानसशास्त्रज्ञांची मूळ प्रश्नावली 1990ची, 24 विधानांची. 1993मध्ये ती 18 वर आली आणि मॅनेजर मंडळींसाठी हीच घ्यावी. भरायला दहा मिनिटे पुरतात.

तिचे तीन भाग, प्रत्येकी सहा विधाने: कंपनीबद्दलची आपुलकी, सोडल्यास होणारे नुकसान आणि कर्तव्यभावना. उत्तर 1 (अजिबात असहमत) ते 7 (पूर्ण सहमत). चार विधाने नकारार्थी आहेत (तीन आपुलकीची, एक कर्तव्याचे). तिथे 8 मधून उत्तर वजा करायचे. एक्सेलमध्ये नेमके हेच राहून जाते आणि आपुलकीचा आकडा उगाच मधोमध येतो.

दुसरी चूक याहून महाग पडते: तिन्ही भागांची बेरीज. घराचे हप्ते आणि बाहेर नोकऱ्यांचा दुष्काळ, एवढ्यावर टिकलेला मॅनेजर दुसऱ्या भागात भरघोस गुण मिळवतो आणि बेरजेत निष्ठावान दिसतो. कामगिरीशी खरे नाते आपुलकीचे. नुकसानाच्या भीतीचे जवळपास शून्य, कधी उणेसुद्धा. म्हणून तीन सरासऱ्या वेगळ्याच ठेवा.

मराठीत करताना दुसऱ्याकडून ते पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर करून मूळाशी ताडून पाहा. ‘बांधील’ हा शब्द तर टाळाच, तो करारपत्रातला वाटतो. पाच-सहा जणांच्या विभागाचा निकाल स्वतंत्र दाखवू नका. कोण काय बोलले ते लगेच ओळखू येते, मग पुढच्या वेळी सगळे सात.

उणीव? बांधिलकी किती ते कळते, कशाने वाढेल ते नाही. त्यासाठी मुलाखतीच घ्याव्या लागतात.