दोघांत एक हॅमर मशीन: वापरून सांगतो

मशीन हिल्टी कंपनीची, रोटरी हॅमर म्हणजे काँक्रीटला होल मारणारी, एसडीएस-प्लस चकवाली (बिट नुसता आत ढकलला की बसतो), सेकंड हँड. गडचांदूरकडे कारखान्याचं काम आटोपून निघालेल्या एका ठेकेदाराने विकायला काढली होती. वायर मुळाशी तुटलेली, मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश घासून संपलेले, पेटीची एक कडी गायब. हे सगळं त्याच्या हलगर्जीपणाचं, मशीनचा त्यात काही दोष नाही. वायर आणि ब्रश बदलले, ग्रीस भरलं, आणि पहिलाच होल पाण्याच्या टाकीच्या कॉलमला मारून पाहिला. बाजूला उभा असलेला पोरगा म्हणे, "भाऊ, झालं पण?" झालं होतं.

आमच्याकडे काँक्रीट फोडणाऱ्या कुठल्याही मशीनला लोक हिल्टीच म्हणतात, त्यामुळे घेणाऱ्याने आधी आत काय आहे ते पाहावं. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात आणि त्यातून धक्का तयार होतो. विटेच्या भिंतीला तेवढं पुरतं. कॉलम लागला की मात्र आपण छाती लावून मशीन रेटतो, बिट निळा पडतो आणि होल बोटभरही आत जात नाही. रोटरी हॅमरमध्ये मोटर एक पिस्टन मागेपुढे करते. पिस्टन हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा आतल्या ठोक्याला बिटावर हाणते. म्हणजे मारायचं काम हवेचं, आपण फक्त सरळ धरायचं. नवशिक्याला हेच जमत नाही, तो जुन्या सवयीने रेटतच राहतो. आणखी एक, सळईत बिट अडकला तर आतला क्लच सुटतो, कटकट आवाज येतो आणि मनगट पिरगळत नाही. शिडीवर चढून स्लॅबला होल मारणाऱ्याला याची किंमत कळेल.

बिटाच्या बाबतीत मात्र कंजुषी नको. बाजारात एका दुकानदाराने मोठ्या कंपनीचा म्हणून जो बिट गळ्यात मारला, त्याचं टोक दुसऱ्याच दिवशी गळून पडलं.

आता दोघांत एक म्हणजे काय ते. एवढी मशीन एकट्याला परवडण्यासारखी नव्हती आणि एकट्याकडे तिला रोज कामही नव्हतं. आमच्या जिवतीच्या पहाडावरून खाली उतरलं की केरामेरी मंडल (तिकडचा तालुका) लागतं, तेलंगणातलं. तिथले एक मेस्त्री, मी त्यांना अन्ना म्हणतो, जिवतीकडच्या घरकुलांवर कामाला यायचे. अर्धे पैसे त्यांचे, अर्धे माझे. घरी बायको म्हणे, भागीदारीत भाऊ भाऊ राहत नाही, अन् हा तर दुसऱ्या राज्यातला. तिची शंका काही चुकीची नव्हती.

मार्ग सापडला पेटीतल्या पुस्तिकेवरून. मागच्या पानावर कंपनीचा पत्ता होता: ९४९४ शान, लिकटेनस्टाइन. असा देश आहे हेच आधी ठाऊक नव्हतं. शोधायला बसलो तर रात्र झाली. अवघे १६० चौरस किलोमीटर, आपले बहुतेक तालुके याच्याहून मोठे निघतील. लोकसंख्या ४० हजारांच्या घरात. त्यात १९४१ साली हिल्टी बंधूंनी शान गावात कारखाना काढला आणि तिथली यंत्रं आज आपल्या पहाडावर पोचली. एका बाजूला ऑस्ट्रिया, दुसऱ्या बाजूला ऱ्हाईन नदी आणि नदीपलीकडे स्वित्झर्लंड. स्वित्झर्लंड आपल्याला मोठा वाटतो, पण तोही विदर्भाच्या निम्म्याहून लहानच.

गंमत त्या ९४९४ मध्ये आहे. हा पिनकोड स्वित्झर्लंडच्या मालिकेतला! देश वेगळा, राजघराणं स्वतःचं, संसद वेगळी, टपाल तिकिटंही स्वतःची, पण पिनकोड शेजाऱ्याच्या यादीतला. चलनही स्विस फ्रँकच. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचं साम्राज्य कोसळलं, ऑस्ट्रियाशी असलेला जुना जकात करार मोडला आणि हा एवढासा देश उघडा पडला. मग स्वित्झर्लंडशी बोलणी झाली. २९ मार्च १९२३ रोजी जकात करारावर सह्या झाल्या, १ जानेवारी १९२४ पासून तो लागू झाला, आणि शंभर वर्षं उलटली तरी चालू आहे. दोघांमधल्या सीमेवर नाका नाही. ऑस्ट्रियाकडच्या नाक्यावर स्विस माणसं बसतात, जकात ते गोळा करतात आणि त्यातला वाटा लिकटेनस्टाइनला मिळतो. जिथे लिकटेनस्टाइनची वकिलात नाही तिथे त्यांचं काम स्विस वकिलात पाहते. वाडुझ या तिथल्या राजधानीच्या फुटबॉल क्लबला घरात खेळायला लीगच नाही, तो स्विस लीगमध्ये खेळतो.

म्हणून काय सगळं गोडगोड असेल असं नाही. लिकटेनस्टाइनने १८६८ मध्येच सैन्य मोडीत काढलं, स्वित्झर्लंडचं मात्र भक्कम आहे. डिसेंबर १९८५ मध्ये सीमेलगत स्विस लष्कराच्या गोळीबार सरावातून आग लागली. वारा सुसाट होता, त्यात बाल्झर्स गावाचं शंभरावर हेक्टर जंगल जळालं. स्वित्झर्लंडने भरपाई मोजली. २००७ च्या मार्चमध्ये १७० च्या आसपास स्विस सैनिक रात्री पावसात वाट चुकून सरळ लिकटेनस्टाइनमध्ये शिरले. तिकडे कुणाच्या लक्षातही आलं नाही, स्विस लष्करानेच कळवलं. इकडे आपल्या शेतात शेजाऱ्याची बकरी शिरली तर पोलीस पाटलापर्यंत जातं हो.

मला सगळ्यात पटलं ते १९९२ चं. डिसेंबरात युरोपच्या सामाईक बाजारात जायचं का यावर दोन्हीकडे मतदान झालं. स्विस जनता नाही म्हणाली, आठवड्याने लिकटेनस्टाइन हो म्हणालं. मैत्री तुटायला एवढं कारण पुष्कळ होतं. त्यांनी मात्र जुन्या करारात दुरुस्ती केली, १९९५ मध्ये लिकटेनस्टाइन बाजारात गेलं आणि इकडची सीमा उघडीच राहिली.

आमच्या जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. कित्येकांकडे दोन्हीकडची रेशन कार्डं, नावं दोन्हीकडच्या मतदार याद्यांत. एका गावात मराठी शाळा आणि तेलुगू शाळा, दोन्ही. महाराजगुड्यात तर सीमा एका घरातून जाते, काही खोल्या इकडे, काही तिकडे. लोकांचं एकमेकांशी चांगलं चालतं, भांडण आहे ते कागदावरच्या रेघेचं. दोन सरकारं दोन वेळा सोयी देतात याची मजा वाटते, पण जमिनीच्या पट्ट्याचा विषय निघाला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. तिथे करार हवा तो नेमका नाही.

तर मी शंभर पानी वही आणली आणि अन्नांना म्हटलं, आपण लिहून घेऊ. ते हसले, "मीरे रायंडी", तुम्हीच लिहा. लिहिलं ते असं. मशीन महिन्यातले पहिले पंधरा दिवस त्यांच्याकडे, पुढचे माझ्याकडे. बिट ज्याचे त्याचे. ब्रश, ग्रीस, वायर अर्धं अर्धं. ज्याच्या हातात बिघडली त्याने दुरुस्त करून द्यायची, पण आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जळालं तर निम्मं निम्मं, कारण व्होल्टेज दोन्हीकडे सारखंच रडतं. भाड्याने दिली तर भाडं ज्याने दिली त्याचं, फक्त वहीत नोंद हवी. दिवाळीत त्यांना माझ्या वाट्याचे चार दिवस लागले, संक्रांतीआधी त्यांनी परत केले. ते तेलुगूत लिहितात, मी मराठीत, आकडे दोघांनाही वाचता येतात.

गुण द्यायचे तर मशीनला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण वजनाचा कापला, डोक्याच्या वर धरून सलग होल मारले की खांदे भरून येतात. फक्त विटेची भिंत आणि खिडकीचे पडदे एवढंच काम असेल तर घेऊ नका, साधी ड्रिल पुरे. ज्याला कॉलम, बीम, टाकी, सोलर पंपाचे स्टँड असली कामं रोज आहेत त्याने जरूर घ्यावी, आणि एकट्याच्याने झेपत नसेल तर जोडीदार पाहून घ्यावी. जुनी घेताना सुरू करून पाहा, ब्रशपाशी फार ठिणग्या दिसल्या तर हात जोडून परत या. जिवती-कोरपन्याकडे कुणाला भाड्याने पाहिजे असेल तर महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात सांगा. बिट आपला आणावा लागेल.