आयटीआयमधील गळती : आधी थंब यंत्रणा की आधी पालक-निदेशक?

खासगी आयटीआयच्या व्यवस्थापन समितीपुढे मुलांच्या गळतीचा, म्हणजे मध्येच प्रशिक्षण सोडण्याचा विषय आला की बहुधा दोन प्रस्ताव मांडले जातात. पहिला बायोमेट्रिक हजेरीचा आणि तिला जोडलेल्या संदेशप्रणालीचा : प्रशिक्षणार्थ्याचा खाडा पडला की त्याच दिवशी घरी एसएमएस. दुसरा, तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत जीएफएम (गार्डियन फॅकल्टी मेंबर) या नावाने रुळलेली पद्धत आपल्याकडे आणण्याचा : वीसेक मुलांमागे एक पालक-निदेशक (आयटीआयमधील शिक्षकाला निदेशक म्हणतात), ज्याने त्यांच्याशी नियमित बोलावे, त्यांच्या घरच्यांना ओळखावे आणि त्याची नोंद ठेवावी. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी नीट उभ्या करण्याइतका पैसा आणि मनुष्यबळ लहान संस्थेकडे क्वचितच असते. आमच्या संस्थेत हा निर्णय घेणाऱ्यांपैकी मी एक होतो आणि दोन्ही पद्धती जवळून पाहिल्या आहेत. पुढील मत त्या अनुभवातून आलेले आहे, आणि आपल्या भागातील परिस्थिती वेगळी असल्यास त्यात फरक पडू शकतो.

माझ्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन असे दोन वर्षांचे ट्रेड (व्यवसाय-अभ्यासक्रम) आहेत. वेल्डर किंवा कोपा (संगणक चालवण्याचा ट्रेड) वर्षभरात संपतो आणि तेवढा काळ मुले कशीबशी काढतात. दोन वर्षांच्या ट्रेडमध्ये मात्र पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र येत नाही, आयटीआय उत्तीर्णांसाठी असलेली शिकाऊ उमेदवारी त्याला मिळत नाही, आणि चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून तो जातो, तो बहुधा पुढेही हेल्परच राहतो. वर्षभर फाइल (कानस) चालवायला शिकलेला हात असा वाया जाताना पाहणे मला अजूनही जड जाते.

बायोमेट्रिक यंत्रणेच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवे. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थितीची अट असल्यामुळे हॉल तिकिटाच्या वेळी होणारे वाद यंत्राच्या नोंदीमुळे बरेचसे मिटतात. मित्राची हजेरी लावण्याचा प्रकार थांबतो, निदेशकावर दबाव येत नाही, आणि प्राचार्यांना प्रत्येक बॅचची स्थिती एका पडद्यावर दिसते. फिटरच्या मुलांच्या बाबतीत बोटांच्या ठशांची अडचण येते, कारण सुरुवातीचे काही महिने फाइलिंगमध्ये जातात, बोटे खरचटलेली आणि तेलकट असतात आणि यंत्र ठसा घेत नाही. पण चेहरा ओळखणारी यंत्रे आता सहज मिळतात, तेव्हा ही अडचण निर्णय फिरवण्याएवढी मोठी नाही.

माझा निर्णय फिरला तो दुसऱ्याच गोष्टीमुळे. खाड्याचा संदेश कोणाच्या मोबाइलवर जातो, याचा विचार यंत्रणा विकणारे करत नाहीत आणि घेणारेही फारसा करत नाहीत. प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरताना ओटीपी लागतो. अर्ज भरला जातो सायबर कॅफेत किंवा सेतू केंद्रात. त्या क्षणी जो मोबाइल हातात असेल त्याचाच क्रमांक अर्जावर जातो, आणि तो बहुतेक वेळा मुलाचा स्वतःचा किंवा सोबत आलेल्या मित्राचा असतो. तोच क्रमांक पुढे संस्थेच्या संगणकात उतरतो. परिणामी ‘आपला पाल्य आज अनुपस्थित आहे’ हा संदेश अनुपस्थित असलेल्या पाल्यालाच मिळत राहतो, तो वाचला जात नाही, आणि तिकडे कार्यालय मात्र पालकांना रोज कळवले जात आहे या समजुतीत निश्चिंत असते. क्रमांक दुरुस्त करून घेण्याची मोहीम आम्हीही राबवली. काही पालकांचे क्रमांक मिळाले. पण रिचार्ज संपल्यामुळे वर्षाच्या मध्यात क्रमांक बंद पडणे, फोन घरातील दुसऱ्याकडे असणे, मराठी संदेश त्या साध्या फोनवर चौकोन-चौकोन दिसणे, हे चालूच राहिले. यात सर्वांत त्रासदायक भाग असा की यंत्रणा आपले काम बिनचूक करत असते, म्हणून कोणी तिच्याकडे पुन्हा वळून पाहत नाही. महिनाअखेरीस कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर यादी फलकावर लागते, तेव्हा त्यातील ज्या मुलांना खरोखर थांबवायचे होते ती केव्हाच कामावर रुजू झालेली असतात.

आमच्याकडील अनुभव असा की मुले दोन वेळा निसटतात. एक, प्रवेशानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा इलेक्ट्रिशियन हवे असताना प्रवेशफेरीत टर्नर (लेथवरील कामाचा ट्रेड) मिळालेला असतो आणि लेथसमोर उभे राहिल्यावर मुलाला आपण इथे का आहोत हेच कळत नाही. दोन, दिवाळीच्या सुट्टीनंतर. बीड आणि आसपासच्या भागातील ऊसतोड कुटुंबे त्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि मागे राहिलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर आजी-आजोबा, जनावरे आणि धाकटी भावंडे यांची जबाबदारी येते. कापसाच्या भागात वेचणीला घरचे हात लागतात. आणि सुट्टीत गावी आलेला एखादा मित्र आपल्या कारखान्यात माणसे घेत आहेत असे सांगून जातो. यांतील एकही कारण हजेरीच्या आकड्यात दिसत नाही. खाडा हा त्या सगळ्याचा शेवटचा परिणाम आहे.

पालक-निदेशक हीच कारणे आधी ऐकतो. आमच्याकडे एका मुलाचे दुपारनंतरचे प्रात्यक्षिक वारंवार बुडत असे आणि नोंदीवरून तो टाळाटाळ करणारा वाटत होता. त्याच्या पालक-निदेशकाने शांतपणे विचारले तेव्हा समजले की त्याच्या गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या एसटीची वेळ अलीकडे आणली होती आणि ती चुकली तर सवलतीचा पास खिशात असूनही त्याला महामार्गावरून पायी जावे लागे. त्याची पाळी बदलून देण्यात आली आणि तो टिकला. यासाठी संस्थेला काही खर्च आला नाही. कोणीतरी विचारण्याची गरज होती. असे प्रत्येक मुलाच्या बाबतीत घडते असा माझा दावा नाही. घरची परिस्थिती इतकी बिकट असते की बोलूनही काही हाती लागत नाही, असेही पुष्कळदा होते.

मुलींच्या बाबतीत तर मला हा फरक निर्णायक वाटतो. मुलगी वर्गात नव्हती असा संदेश थेट वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या फोनवर गेला, तर कारण विचारण्याआधीच तिचे शिक्षण बंद करण्याची भाषा सुरू होऊ शकते. घर ओळखणाऱ्या निदेशक बाईंना फोन आईला करावा, मावशीला करावा की आधी मुलीशीच बोलावे, हे ठाऊक असते. यंत्राला हा विवेक शिकवता येत नाही.

पालक-निदेशक पद्धतीचे दोषही कमी नाहीत. ती पूर्णपणे माणसावर उभी असते. खासगी संस्थांत निदेशक करारावर किंवा तासिका तत्त्वावर असतात, चांगली संधी मिळताच ते जातात आणि त्यांच्यासोबत वीस घरांची माहितीही जाते. तपासणीपुरती एका बैठकीत भरलेली नोंदवही मी पाहिली आहे आणि तिचा मुलांना काहीही उपयोग होत नाही. एक खबरदारी मात्र आग्रहाने सुचवीन : ज्याच्या हाती प्रात्यक्षिकाचे गुण आहेत त्याच शिल्प निदेशकाला (ट्रेड शिकवणाऱ्याला) त्या बॅचचा पालक करू नये. गुण देणाऱ्यापुढे मूल घरची अडचण उघडी करत नाही. रोजगारक्षम कौशल्ये किंवा वर्कशॉप कॅल्क्युलेशन शिकवणारी व्यक्ती, अथवा दुसऱ्या ट्रेडचे निदेशक, या कामाला अधिक योग्य ठरतात. शिवाय या कामासाठी वेळापत्रकात तास राखून ठेवला नाही आणि फोनचा खर्च संस्थेने उचलला नाही, तर महिन्याभरात उत्साह ओसरतो.

आपल्यापेक्षा फार वेगळ्या परिस्थितीतील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांचे पदवी अभ्यासक्रम चालवणाऱ्या महाविद्यालयांत) ‘असॅप’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात शुल्कातील उरलेली तूट भरून दिली जाई, प्रवासाचा पास मिळे, आणि मर्यादित विद्यार्थी सांभाळणाऱ्या सल्लागाराला नियमित भेटणे आवश्यक असे. चिठ्ठी पद्धतीने पाडलेल्या दोन गटांच्या अभ्यासात तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण कार्यक्रमातील गटात ४० टक्के, तर नेहमीच्या गटात २२ टक्के आढळले. हे श्रेय एकट्या सल्लागाराचे म्हणता येणार नाही, कारण पैसा आणि पासही सोबत होते. तरीही विचारणारा माणूस आणि बसभाडे या दोन गोष्टी तिथेही त्या यादीत असाव्यात, याने माझ्या मताला थोडे बळ मिळाले.

संस्था मोठी असेल, अनेक ट्रेड आणि दोन पाळ्या असतील आणि हजेरीवरून सतत तंटे होत असतील, तर बायोमेट्रिक यंत्रणा घ्यावीच लागेल आणि ती घेण्यात गैर काही नाही. फक्त ती उपस्थितीच्या अटीसाठी घेतली आहे, गळतीसाठी नाही, असे ठरावात स्पष्ट लिहावे. दहाबारा बॅचच्या आतील संस्थेने मात्र, मला विचाराल तर, पहिल्या वर्षी तो पैसा निदेशकांच्या मानधनात आणि गृहभेटींच्या प्रवासखर्चात घालावा. प्रवेशफेऱ्या संपताच मुले वाटून द्यावीत, पहिल्या पंधरवड्यात ट्रेडबद्दलची नाराजी ऐकून घ्यावी आणि शक्य तिथे बदल करून द्यावा, आणि दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी प्रत्येक मुलाला सुट्टीनंतर घरी कोण असेल एवढे तरी विचारून ठेवावे. ज्यांचे आईवडील बाहेरगावी जाणार असतील, त्यांच्या गावातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचा क्रमांक त्याच भेटीत पालक-निदेशकाने स्वतः फोन लावून खात्री करून घ्यावा. पुढे कधी संदेशप्रणाली घेतलीच, तर तिच्यातही हाच क्रमांक भरता येईल.