दाढ काढल्यावर खळगा भरायचा की तसाच सोडायचा?

‘ग्राफ्ट घालू या का?’, म्हणजे खळगा दाण्यांनी भरू या का, हे डॉक्टर विचारतात तेव्हा आपला ओठ बधिर झालेला असतो आणि मान हलवण्यापलीकडे काही सुचत नाही. म्हणून ठरवायचं ते आधीच.

तसंच सोडलं तर जखम छान भरते. रक्त साकळून गुठळी होते, वर हिरडी येते, आत हाड धरतं. पण दाताभोवतीचं हाड दाताच्याच आधारानं असतं. दात गेला की ते झिजू लागतं. गालाकडची भिंत आधी जाते, कारण तीच पातळ. पुढच्या दातांपाशी तर बहुधा 1 मिलिमीटरही नसते. वर्षभरात रुंदी जवळपास निम्म्यावर येते, त्यातली बरीचशी पहिल्या 3 महिन्यांतच. ‘सहा महिन्यांनी बघू’ इथे महागात पडतं.

ग्राफ्ट म्हणजे जाड्या मिठासारखे दाणे. ते खळग्यात भरून वर पातळ पडदा लावतात, टाके घालतात. झीज थांबत नाही, कमी होते, आणि इम्प्लांटसाठी (नवा दात लावायला हाडात बसवतात तो स्क्रू) बहुधा 4 ते 6 महिने थांबावं लागतं. दाणे कशाचे, हे मात्र विचाराच. बरेचदा ते गाईच्या हाडाचं प्रक्रिया केलेलं खनिज असतं. अनेकांना हे नंतर कळतं आणि घरात वाद होतो. चालत नसेल तर कृत्रिम दाणेही मिळतात, पण त्यांतले काही लवकर विरघळतात.

पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन) हा आणखी एक पर्याय, त्यात आपलंच रक्त यंत्रात फिरवून जेलीसारखा गोळा करतात. हिरडी लवकर भरायला बरा. हाड राखायला एकट्या त्याच्या भरवशावर मी राहणार नाही.

त्याच दिवशी इम्प्लांट बसवलं तर एक शस्त्रक्रिया वाचते. पण नुसत्या स्क्रूमुळे गालाकडची भिंत टिकत नाही. पू असेल किंवा भिंत फुटलेली असेल, तर थांबलेलं बरं.

अक्कलदाढेला यातलं बहुधा काहीच नको. मागच्या दाताच्या जागी ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला दात) किंवा कवळीच बसवायची असेल तरी सहसा पैसे वाचवा. पुढचा दात असेल तर हाड बसल्यावर ब्रिजखाली फट दिसते, तिथे ग्राफ्टचा विचार करा. इम्प्लांट नक्की, पण लगेच नाही, असं असेल तर माझं मत ग्राफ्टच्या बाजूनं. मिश्री किंवा तंबाखू सुटत नसेल, साखर चढलेली असेल, तर ग्राफ्ट बिघडण्याचा धोका वाढतो. आणि हाडं ठिसूळ झाल्याची इंजेक्शनं किंवा गोळ्या चालू असतील, तर ते दात काढायच्या आधीच सांगा.