न झालेल्या चाचण्यांचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल

मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 मधील कलम 353-ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, महापालिकेकडे नोंदणी असलेल्या अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे. या सक्तीच्या आडून मुलुंड येथील आमच्या गृहनिर्माण संस्थेची जी फसवणूक झाली, ती इतर संस्थांच्या बाबतीत टळावी म्हणून हा तपशील मांडत आहे.

सल्लागाराने ऑडिटची फी इतर कोटेशनांच्या निम्म्याहून कमी सांगितली. मात्र दुरुस्ती निघाल्यास देखरेखीचे काम त्यालाच द्यावे आणि शुल्क दुरुस्ती खर्चाच्या टक्केवारीने द्यावे, अशी अट पत्राच्या शेवटी होती. स्वस्ताईचे इंगित तेच होते, कारण दुरुस्ती जितकी मोठी तितकी त्याची कमाई मोठी. त्याच्याकडे काम करणारी दोन मुले आली, त्यांनी गच्चीवर आणि जिन्यात मोबाइलवर फोटो काढले, सभासदांकडून गळतीचे फॉर्म भरून घेतले आणि ती निघून गेली. नंतर हाती पडलेल्या जाडजूड अहवालात रिबाउंड हॅमर (काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा), अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी (काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरीचा वेग), हाफ सेल (सळई गंजत आहे का हे सांगणारा विद्युतदाब) आणि कार्बोनेशन (हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटमध्ये होणारा बदल) अशा चारही चाचण्यांचे तक्ते होते आणि तळमजल्यावरील झाडून सगळ्या कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे भोवती सळया आणि काँक्रीटचा नवा थर, सुचवले होते.

या चाचण्या केल्या की इमारतीवर त्यांच्या खुणा राहतात. हॅमरचे रीडिंग प्लास्टरवर घेऊन चालत नाही, प्लास्टर काढून काँक्रीट उघडे करावे लागते. हाफ सेलसाठी कुठेतरी सळई उघडी करून तिला वायर जोडावी लागते. कार्बोनेशनसाठी नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलिन टाकतात, तेव्हा चांगला भाग गडद गुलाबी होतो आणि कार्बोनेशन झालेल्या भागाला रंग चढत नाही. आमच्याकडे एकाही कॉलमचे प्लास्टर फुटलेले नव्हते. मीटर रूममधल्या कॉलमची रीडिंग तर दशांश चिन्हासह छापली होती, आणि त्या खोलीची किल्ली सेक्रेटरींकडून कोणी मागितलीसुद्धा नव्हती. हाफ सेलचे रीडिंग उणे 350 मिलिव्होल्टच्या खाली गेल्यास सळई गंजत असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून अधिक मानली जाते. आमच्या तक्त्यात प्रत्येक आकडा या रेषेच्या जेमतेम खाली होता. खऱ्या इमारतीत, पावसाचा मारा खाणारा कॉलम आणि जिन्याखालचा कोरडा कॉलम यांची रीडिंग इतकी सारखी येत नाहीत.

विचारणा केल्यावर ‘सॅम्पलिंग बेसिसवर केले आहे’, म्हणजे निवडक जागीच तपासले आहे, एवढेच उत्तर मिळाले. प्रयोगशाळेच्या मूळ साइट शीट, म्हणजे चाचणीच्या जागीच लिहिलेल्या रीडिंगचे कागद, मागितल्या, त्या आजतागायत आलेल्या नाहीत. आगाऊ दिलेली रक्कम परत मिळालेली नाही आणि महापालिकेकडे केलेली तक्रार प्रलंबित आहे.

दुसऱ्या अभियंत्याने एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून प्लास्टर फोडून चाचण्या करून घेतल्या, तेव्हा बहुतेक कॉलममध्ये पल्सचा वेग सेकंदाला 3.5 किलोमीटरच्या वर, म्हणजे ‘चांगला’ या श्रेणीत निघाला. खरे दुखणे गच्चीचे वॉटरप्रूफिंग, छज्जे आणि संडासांचे जुने पाइप यांत होते. जॅकेटिंग मोजक्याच कॉलमपुरते उरले.

या वेळच्या वर्क ऑर्डरमध्ये आम्ही ऑडिट आणि दुरुस्तीची देखरेख ही कामे वेगवेगळ्या व्यक्तींना देण्याचे कलम घातले. प्रत्येक साइट शीटवर त्याच दिवशी कमिटी सदस्याची सही घ्यावी आणि चाचणीची जागा इमारतीच्या नकाशावर दाखवावी, असेही लिहिले. फीचा शेवटचा हप्ता या शीट हाती आल्यावरच दिला.