पोर्तुगीज रुपिया तपासायला खिशातला वजनकाटा: कुठे पुरतो, कुठे नाही

२०० ग्रॅम क्षमतेचा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा. इंडो-पोर्तुगीज (पोर्तुगीज अमलातल्या गोव्याची) चांदीची नाणी जमवणाऱ्याने भिंगाच्या आधी हा घ्यावा.

ब्रिटिश-पोर्तुगीजांच्या १८७८ च्या करारानंतर गोव्याचं चलन ब्रिटिश रुपयाच्या मापावर आलं. म्हणून पोर्तुगालच्या राजा लुईश पहिल्याचा १८८१ चा रुपिया भरतो बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, चांदी हजारी ९१७. कार्लुश राजाचे १९०३-०४ चे आणि १९१२ चा प्रजासत्ताकाचा रुपियाही त्याच वजनाचे. १९३५ चा मात्र १२ ग्रॅम. १९४७ चाही १२, पण चांदी निम्मीच. म्हणजे नुसतं वजन पाहून भागत नाही. घनता काढावी लागते, आणि इथेच हा काटा पैसे वसूल करतो.

आधी नाणं कोरडं तोला. मग प्लास्टिकचा छोटा कप अर्धा पाण्याने भरून काट्यावर ठेवा (काचेचा पेला नको, त्यातच क्षमता संपते) आणि आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याने पूर्ण बुडवून धरा. तळाला, बाजूला टेकता कामा नये. दिसेल तो आकडा म्हणजे नाण्याचं आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. कोरड्या वजनाला त्याने भागा. अस्सल १८८१ ला पाण्यात १.१३ च्या आसपास दिसतं, घनता साधारण १०.३. जर्मन सिल्व्हरची (तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू, चांदी नाही) नक्कल वजनाला जुळवलेली असली, तरी इथे १.३ च्या पुढे जाते. १९४७ च्या रुपियाची घनता ९.६ च्या जवळपास येते.

आकडा चुकतो तो बहुतेकदा बुडबुड्यांमुळे. कडेच्या रेषांत हवा अडकते. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका. सुती दोरा पाणी पितो. पंखा बंद हवा. काही काटे मिनिटभरात आपोआप बंद होतात आणि शून्य पुसलं जातं, तेव्हा घेताना हे बघाच. १०० ग्रॅमचं कॅलिब्रेशनचं वजन बहुधा वेगळं घ्यावं लागतं; त्यात काटकसर नको. कडी काढलेल्या नाण्यावर झाळ उरली असेल, तर वजन आणि घनता दोन्ही फसवतात.

अष्टमांश रुपियाला हा काटा निरुपयोगी आहे. १.४६ ग्रॅमच्या नाण्याचं आकारमान ०.१४, शेवटचा अंक एकाने हलला की घनता ९.७ ते ११.२ कुठेही जाते. त्याला ०.००१ ग्रॅमचाच काटा हवा.

शेवटी नाणं डिस्टिल्ड पाण्यात बुडवून मऊ कापडाने टिपा. घासू नका.